मुंबई ते नागपूर विमानाने किती अंतर आहे आणि किती वेळ लागतो?

सरळ हवाई अंतर साधारण 685 किमी आहे आणि तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ दिसतो. पण विमान प्रत्यक्ष हवेत सव्वा तासच असतं, कधी त्याहूनही कमी. अंतर दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलेलं आहे. ताशी 800 किमीच्या वेगाने भागलंत तर पाऊण तासाच्या थोडं पुढे उत्तर येतं आणि तिथेच गल्लत होते, कारण एवढ्या छोट्या मार्गावर बराचसा वेळ चढण्या-उतरण्यात जातो आणि पूर्ण वेग थोडाच वेळ मिळतो. शिवाय तिकिटावरची वेळ दाराशी उभं असलेलं विमान हलल्यापासून ते नागपुरात दाराशी थांबेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी उड्डाणासाठी रांग लागते ती यामुळेच. परतीच्या प्रवासात हीच गर्दी आकाशात घिरट्या घालायला लावते, म्हणून मुंबईहून पुढचं विमान पकडायचं असेल तर हातात किमान तीन तास ठेवा.

एक लक्षात घ्या: हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचा वारा जोरात असतो, तेव्हा नागपूरला जाताना काही मिनिटं वाचतात, येताना तेवढीच जास्त लागतात.