जगभर फिरताना विचित्र इमारती कशा शोधाव्यात? एवढा खर्च करून पाहण्यासारखं त्यात असतं का?

तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग वाचला आणि मोबाइल खाली ठेवता आला नाही. "त्यात पाहण्यासारखं काय असतं?" हेच आमचे साडू दोन वर्षांपासून विचारतात. लग्नात, तेरवीत, भर पंगतीत.

मी गवंडी. अमरावती जिल्ह्याच्या दर्यापूर तालुक्यातला, खारपाणपट्ट्यातला. मुलगी-जावई फ्रान्समध्ये ल्योंला राहतात. तिच्या बाळंतपणासाठी बायको गेली, सोबत मीही. जावई म्हणाले, बाबा, पॅरिस दाखवतो. मी म्हटलं, पॅरिस राहू द्या, तो डाकवाल्याचा महाल दाखवा. मुलीनं आधी त्याचा फोटो पाठवला होता, तेव्हापासून डोक्यात होता.

गावाचं नाव ओतरीव, खेडंच. फेर्दिनां शवाल तिथला पोस्टमन. रोज तीसेक किलोमीटर पायी फिरून डाक वाटायचा. १८७९ मध्ये वाटेत एका दगडाला ठेचकाळला. दगडाचा आकार भलताच होता म्हणून त्यानं तो खिशात घातला. दुसऱ्या दिवशी आणखी दगड. खिसे फाटायला लागले तेव्हा टोपली आली, टोपली पुरेना तेव्हा एकचाकी गाडी. दिवसभर डाक आणि रात्री कंदिलाच्या उजेडात बांधकाम, असं ३३ वर्षं, एकट्यानं. १९१२ मध्ये काम संपलं. २६ मीटर लांब. गाव त्याला वेडा म्हणायचं. जग त्यानं पाहिलेलं नव्हतं, पण पोस्टकार्डं आणि चित्रांची मासिकं हाताखालून जायची, त्यात दिसलं ते बांधलं. एका बाजूला हिंदू देऊळसुद्धा आहे! आपल्या कोणत्याच देवळासारखं ते दिसत नाही, पण बायकोनं चप्पल काढून हात जोडले.

मी मात्र भिंत पाहत होतो. कुठे चुना, कुठे सिमेंट, मधे शिंपले दाबलेले. ओळंबा लावल्याची खूण नाही, कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. आमच्याकडे अशी भिंत घातली असती तर मालकानं रोजी कापली असती. पण शंभर वर्षांवर झाली, उभी आहे. आणि त्यानं आपल्या त्या एकचाकी गाडीसाठी महालातच एक कोनाडा केलाय, गाडी तिथं ठेवलेली आहे. मी सगळ्यात जास्त वेळ तिच्यापुढेच उभा होतो. आमच्या घमेल्याला असा मान कोणी देत नाही. जावयांनी दोनदा हाक मारली.

गावी आल्यावर साडू म्हणाले, "काहून भाऊ, एवढा पैसा खर्चून एका डाकवाल्याचं घर पायलं? आयफेल टॉवर तं पाहाचा!" ते स्वतः कंपनीच्या टूरवर दहा दिवसांत सात देश पाहून आलेत. कोणत्या देशात काय खाल्लं तेवढं त्यांना पाठ आहे.

खरं भांडण मात्र जुनं आहे. २००१ च्या भूकंपानंतर मी ठेकेदाराबरोबर कच्छात कामाला गेलो होतो. तिथली मातीची गोल घरं पाहिली, त्यांना भुंगे म्हणतात. कोपऱ्यांची घरं बसली होती, पण नीट बांधलेले भुंगे बरेच उभे होते. आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि घराला पहिली भेग पडते ती कोपऱ्यात. म्हटलं, कोपराच नको. मधोमध खुंटी ठोकली, सूत बांधलं, फिरवून आखणी केली आणि आपलं स्वतःचं गोल घर बांधलं. वास्तूच्या जेवणाला साडू दारात उभे राहून सगळ्यांदेखत म्हणाले, "हे घर होय का कणगी?" वीस वर्षांवर झाली. एक भेग आहे, दरवाज्याच्या वर, ती मी धरत नाही.

आता तुमचा प्रश्न. मी एकच विचारतो, हे कोणी बांधलं आणि काहून? उत्तर "फोटो काढायला लोक यावे म्हणून" असेल तर सरळ पुढे जावं. हैदराबादला मत्स्य विकास मंडळाचं ऑफिस माशाच्या आकाराचं आहे. पाहिलं, हसलो, झालं. उद्या आमच्या जिनिंगवाल्यानं बोंडाच्या आकाराचं ऑफिस बांधावं का? मात्र बांधणाऱ्याची काही अडचण असेल, नाहीतर हट्ट असेल, तर वाट वाकडी करून जा. विमानाचे पैसे नसतील तर आमच्याच तालुक्यात महिमापूरला या. वरून काही दिसत नाही, पण जमिनीत सातमजली विहीर आहे. सेवाग्रामची बापूकुटीही मी यातच धरतो. माती आणि बांबू, आणि देशाचे मोठमोठे पुढारी तिथं खाली बसून बोलायचे. यापेक्षा विचित्र काय पाहिजे?

हो, एक राहिलं. लोक राहत असतील तिथं खिडकीतून डोकावू नका. रॉटरडॅमला पीट ब्लोमची ठोकळ्यांची घरं आहेत, टोकावर उभ्या केलेल्या फाशांसारखी. जावयांच्या मित्राकडे गेलो तेव्हा पाहिली. लोक राहतात, पण एक घर तिकीट काढून आतून पाहता येतं. साधारण १०० चौरस मीटर, त्यातली पाव जागा भिंती कलत्या म्हणून वाया! कपाट भिंतीला टेकत नाही. बायकोला म्हटलं, फोटो काढ आणि आताच्या आता साडूंना पाठव. त्यांनी नुसता अंगठा पाठवला.

आता हेही सांगून टाकतो, नाहीतर खाली कोणीतरी लिहीलच. गोल घरात आमची खाटसुद्धा भिंतीला लागत नव्हती, अलमारीमागे उंदरांची वसाहत झाली होती, पत्रे कापताना चौथा हिस्सा भंगारात गेला. मुलानं शेजारी स्लॅबचं चौकोनी घर बांधलं, आम्ही त्यात राहतो. गोल घरात सध्या तुरीची पोती आहेत. म्हणजे साडू म्हणाले होते तेच झालं, पण हे त्यांना मी अजून कबूल केलेलं नाही.

महिमापूरला यायचं ठरलं तर कळवा, घर वाटेतच आहे. उन्हाळ्यात आलात तर रात्री राहा, खाट अंगणात टाकून देऊ.