गाव इको-सेन्सिटिव्ह यादीत आले, तर घर-जमिनीचे काय होते?

तुम्ही विचारले आहे: गाव पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील) गावांच्या यादीत आहे, भावांत वाटणी राहिली आहे, जुन्या घराचे वासे बदलायचे आहेत, आणि दलाल म्हणतो, 'जमीन सरकारजमा होणार, आत्ताच विका.'

आधी एकच सांगतो. घाईने विकू नका. 2014 च्या मार्चमध्ये केंद्राच्या या अधिसूचनेचा पहिला मसुदा निघाला तेव्हा आमच्या सावंतवाडीकडच्या गावात असाच एक माणूस फिरत होता. काकांनी वरच्या सड्याखालची (सडा म्हणजे कातळाचे उघडे पठार) तीस गुंठे जमीन मिळेल त्या भावाला देऊन टाकली. 'सरकारान घेतल्यान तर हातात काय गावचा नाय' (काही मिळायचे नाही), एवढेच ते म्हणायचे. आज त्याच जमिनीला तारेचे कुंपण आहे आणि आत काजू-आंब्याची कलमे उभी आहेत. सरकारने तिथली काडीही घेतलेली नाही. काका आता नाहीत, पण त्या बांधावरून जाताना मला आजही त्रास होतो.

मसुद्यात मालकी काढून घेण्याची तरतूद नाही. खरेदी-विक्री, वारस नोंद, वाटणी, फेरफार हे चालूच राहते. शेती-बागायतीवर बंदी नाही. असलेल्या घराची दुरुस्ती, वाढ, नूतनीकरण चालू कायद्यांप्रमाणे करता येते. बांधकामावरची बंदी 20,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांना आहे, म्हणजे दोन लाख चौरस फुटांहून जास्त. तुमच्या माडीच्या घराचा तिच्याशी काही संबंध नाही. ग्रामपंचायतीची परवानगी मात्र नेहमीसारखी घ्यावीच लागेल.

झळ बसते ती चिरेखाणीला, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड काढतात त्या खाणीला. खाणकाम, दगडखाण, वाळू उपसा, लाल वर्गातले (सर्वांत जास्त प्रदूषण करणारे) नवे उद्योग, औष्णिक वीज प्रकल्प यांना मनाई आहे. कातळाचा सडा चिऱ्यांसाठी भाड्याने देऊन ज्यांची चूल पेटते, त्यांचे नुकसान खरे आहे, ते नाकारणे अन्यायाचे होईल. चिरा लांबून आणावा लागला तर घर बांधणाऱ्यालाही तो महाग पडतो. तरीही मी यादीच्या बाजूचा आहे. आमच्या वाडीच्या वर खाण लागली आणि दोन पावसाळ्यांनंतर खालच्या विहिरीला एप्रिलमध्येच तळ दिसू लागला. तिथल्या घरांनाही किंमत होतीच की.

अजून अंतिम अधिसूचना नसली तरी बेफिकीर राहू नका. 31 जुलै 2024 चा मसुदा हा सहावा, पण यातल्या बहुतेक बंद्या केंद्राने 13 नोव्हेंबर 2013 च्या निर्देशांनी आधीच लावल्या होत्या. त्यामुळे खाणीचा करार करणार असाल तर आधी तालुक्याच्या ठिकाणी चौकशी करा.

लोक ज्याची गल्लत करतात ती वेगळीच गोष्ट आहे, आणि मला वाटते तुमच्या दलालाचा धाकही त्यातूनच आला असावा. सातबाऱ्यावर 'खासगी वन' अशी नोंद असेल, किंवा सिंधुदुर्गातल्यासारखी वनसंज्ञेची (जमीन वन म्हणून गणली जाण्याची) अडचण असेल, तर तिचा इको-सेन्सिटिव्ह यादीशी संबंध नाही. पहिली 1975 च्या खासगी वने संपादन कायद्यातून येते. दुसरी 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतरची. तिथे मात्र झाड तोडण्यापासून घर बांधण्यापर्यंत खरोखर अडते. खाडीकाठी असाल तर सीआरझेडचे (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांचे) अंतरही वेगळे मोजावे लागेल.

म्हणून तलाठ्याकडून प्रत्येक गट नंबरचा ताजा सातबारा काढा आणि 'इतर हक्क' रकाना स्वतः वाचा. जुने फेरफारही मागा. तिथे वनाची नोंद नसेल तर वासे बदला, मुंबईच्या भावाला गणपतीत बोलवा आणि वाटणी उरकून घ्या. नोंद असेल तर तिचा फेरफार क्रमांक आणि वर्ष इथे लिहा, मी बघून सांगेन. तोवर दलालाकडून बयाणा म्हणून एक रुपयाही घेऊ नका.