फीचा हिशेब ऑप्शन फॉर्म भरण्याआधी

सीईटीचा निकाल हातात आला की घरात दोनच विषय उरतात: कॉलेज कुठलं आणि पैसे कुठून. बहुतेक घरांत ते याच क्रमाने चर्चेला येतात आणि तिथेच घोळ होतो. ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म, भरून होतो, जागा मिळाल्याचा मेसेज येतो, पेढे वाटले जातात, आणि मग चार दिवसांत फी कुठून आणायची म्हणून सोनं गहाण ठेवायला माणसं निघतात. या वेळची पत्रं वाचून पुन्हा तेच सांगावंसं वाटतं: पैशाचा अर्धा निकाल त्या फॉर्मवरच लागतो.

प्रश्न : तीन एकर कोरडवाहू शेती, दुसरं उत्पन्न नाही. आम्ही ओबीसी. मुलीने सीईटी दिली आहे. मुलींना इंजिनिअरिंग फुकट, असं सगळे म्हणतात. पण गावातल्या एका मुलीला कॉलेजने सांगितलं, आधी पूर्ण फी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ. खरं काय धरायचं? — एक शेतकरी, जि. हिंगोली

दादा, सवलत खरी आहे, आणि त्या मुलीला आलेला अनुभवही खरा असणार. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय काढला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएस (खुल्या प्रवर्गातील आर्थिक दुर्बल घटक) मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क आता शंभर टक्के माफ होतं. आधी ते निम्मं व्हायचं. अट एकच, पण मोठी: प्रवेश कॅप, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या जागेला ही माफी नाही. खाजगी विद्यापीठं आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठं यांनाही ती लागू नाही. हल्ली कित्येक कॉलेजांचं विद्यापीठ झालेलं आहे. नाव तेच, इमारत तीच, पण सवलत गेलेली असते. म्हणून फॉर्ममध्ये कॉलेज टाकण्याआधी ते आज कोणत्या प्रकारात मोडतं, हे पाहून घ्या.

‘फुकट’ म्हणजे काय, तेही नीट समजून घ्या. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, बस, पुस्तकं, लॅपटॉप हे सगळं तुमच्याकडेच राहतं. मुलगी गाव सोडून शिकणार असेल तर राहण्याजेवण्याचा खर्च हीच तुमची खरी फी. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरच करायचा असतो. अल्पभूधारक असल्याचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेवा.

आता कागद. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, कॅपचं अलॉटमेंट लेटर, आणि मुलीच्या नावाचं आधारशी जोडलेलं बँक खातं. अर्ज अडकतात ते बहुतेक वेळा पात्रतेवर नाही, नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘सुनिता’, आधारवर ‘सुनीता’, आणि बापाचं नाव सातबाऱ्यावर तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेलं. जुलैमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते, तेव्हा हे दुरुस्त करायला वेळ नसतो. आणखी एक गोम बागायतदार वाचकांसाठी: नॉन-क्रिमिलेअर देताना शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न मोजत नाहीत, शुल्कमाफीची ८ लाखांची मर्यादा मात्र सगळं उत्पन्न धरून असते. एक दाखला मिळाला म्हणजे दुसऱ्यात बसलोच, असं नाही.

कॉलेजने पूर्ण फी मागितली तर? पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षणशुल्क घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. काउंटरवरच्या क्लार्कशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज द्या, त्यात शासन निर्णयाचा उल्लेख करा आणि पोच घ्या. तरी ऐकलं नाही तर तंत्रशिक्षण विभागाच्या छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय कार्यालयात तक्रार करा. पोच असलेला अर्ज दिसला की पुष्कळांचा सूर बदलतो.

मुलग्यांच्या आई-वडिलांनीही एक गोष्ट पाहावी. कॅपच्या फॉर्ममध्ये कॉलेज-शाखेच्या काही संकेतांकांच्या शेवटी ‘टी’ असतं. त्या टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षणशुल्क माफीच्या जागा, मंजूर जागांपेक्षा पाच टक्के जास्तीच्या. उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. जात कोणतीही चालते. त्या मिळवायला गुण जास्त लागतात आणि नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. पण एका ओळीत चार वर्षांची शिक्षणफी वाचते. पात्र असूनही ती ओळ मुलं भरतच नाहीत, कारण सायबर कॅफेवाल्याने ती दाखवलेली नसते.

प्रश्न : माझा पगार वर्षाला १३ लाख, त्यामुळे कुठलीच सवलत नाही. मुलाला ८१ पर्सेंटाइल आहेत आणि कॉम्प्युटरच हवं आहे. एक ओळखीचे गृहस्थ पुण्यात जागा ‘करून देतो’ म्हणतात. चार लाख रोख, पावती नाही, फी वेगळी. देऊ का? — एक पालक, नाशिक

नका देऊ. राज्यात कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीवर घेतलेले पैसे, १९८७ च्या कायद्याने बंद आहे. घेणारा गुन्हा करतो, हे झालंच. तुमच्या बाजूने पाहिलं तर पावती नसलेल्या पैशाला बँक कर्ज देत नाही, आणि प्रवेश रद्द झाला तर ते परतही मागता येत नाहीत. संस्थास्तरीय जागासुद्धा आलेल्या अर्जांतून गुणवत्तेनेच भरायच्या असतात. कॉलेजला थेट अर्ज करा, अर्जाची पोच ठेवा. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. गृहस्थांनी सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून बघा.

माझं मत विचाराल, तर ‘कॉम्प्युटरच’ या शब्दातल्या ‘च’ची किंमत चार लाख नाही. बरं कॉलेज आणि इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन हा पर्याय मुलासमोर ठेवा. तरीही अभिमत किंवा खाजगी विद्यापीठाकडेच जायचं ठरलं, तर पहिल्या वर्षाची फी विचारू नका, चारही वर्षांची लेखी मागा. दरवर्षी किती टक्के वाढते, हॉस्टेल सक्तीचं आहे का, मेस वेगळी का, हे त्यातच यायला हवं. माहितीपत्रकातला मोठा आकडा नेहमी पहिल्याच वर्षाचा असतो.

प्रश्न : मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी १० लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतो आहे. बँकेतले साहेब म्हणाले, नोकरी लागेपर्यंत एक रुपयाही भरू नका. मला निवृत्तीला पाच वर्षं आहेत. पीएफ काढून कर्ज टाळावं, असंही मनात येतं. — एक वडील, कोल्हापूर

पीएफला हात लावू नका. मुलापुढे कमावण्याची पस्तीस वर्षं आहेत, तुमच्यापुढे पाच. कर्ज मुलाच्या नावावर असू द्या, तुम्ही सहकर्जदार राहाल.

साहेब नियमाप्रमाणे बरोबर सांगतात. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढे साधारण एक वर्ष हप्ता नसतो. पण व्याजाला सुट्टी नसते. तुमचाच हिशेब मांडू. दरवर्षी अडीच लाख असे चार हप्ते बँकेने दिले, व्याज १० टक्के धरू, या काळात ते सरळव्याजाने लागतं. पहिल्या अडीच लाखांवर पाच वर्षांचं व्याज सव्वा लाख, दुसऱ्यावर चार वर्षांचं एक लाख, तिसऱ्यावर ७५ हजार, चौथ्यावर ५० हजार. एकूण साडेतीन लाख. मुलगा हप्ता भरायला लागेल तेव्हा कर्ज १० लाखांचं नव्हे, साडेतेरा लाखांचं असेल. दहा वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता सुमारे १७,८४० रुपये.

तुम्ही नुसतं व्याज भरत गेलात तर? पहिल्या वर्षी महिना २,०८३ रुपये, दुसऱ्या वर्षी ४,१६७, तिसऱ्या वर्षी ६,२५० आणि शेवटची दोन वर्षं ८,३३३. मग मुलाचा हप्ता राहतो १३,२१५. पहिल्या पगारातून हे साडेचार हजार कमी जाणं ही लहान गोष्ट नाही. शिवाय असं व्याज भरणाऱ्यांना बऱ्याच बँका व्याजदरात सवलत देतात, एक टक्क्यापर्यंत. मागितल्याशिवाय ती कुणी सांगत नाही. चौथं-पाचवं वर्ष जड वाटलं तर तेव्हा थांबा, पहिली तीन वर्षं तरी भरा.

तारणाचं म्हणाल, तर साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची पतहमी योजना असते, त्यासाठी घराचे कागद द्यावे लागत नाहीत. त्यापुढे बँक तारण मागू शकते. पण मुलाचं कॉलेज केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी कर्जयोजनेच्या यादीत असेल तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत व्याजात ३ टक्क्यांची सूटही आहे. दुसरी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेत असाल तर मात्र ती नाही. यादी विद्यालक्ष्मी पोर्टलवर आहे. तीही फॉर्म भरण्याआधीच पाहायची.

प्राप्तिकरात या व्याजाची पूर्ण वजावट मिळते, ८०ई म्हणून सगळे ओळखतात तीच. आठ वर्षांपर्यंत, रकमेला मर्यादा नाही, फक्त जुन्या करप्रणालीत. व्याज जो भरतो त्याला ती मिळते.

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची आहे. एजंट ‘चाइल्ड एज्युकेशन पॉलिसी’ घ्या म्हणतो, सासूबाई सुकन्या म्हणतात. — एक आई, डोंबिवली

सासूबाईंचं ऐका, पण पूर्ण भिस्त त्यावर नको. सुकन्या समृद्धी खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी पूर्ण होतं, म्हणजे तुमची लेक २४ वर्षांची झाल्यावर. कॉलेजसाठी ती अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर आधीच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्मेच पैसे काढता येतात. उरलेल्या निम्म्यासाठी म्युच्युअल फंडात वेगळी एसआयपी करा आणि शेवटच्या तीन वर्षांत ते पैसे हळूहळू मुदतठेवीत आणा. पॉलिसी मुलीच्या नावाने नको, कमावत्या आई-बापाच्या जिवावर हवी. साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे ठरावीक मुदतीचा नुसता जीवनविमा, घ्या.

प्रश्न : मुलाने इथल्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, आठ दिवसांत दुसरीकडे नंबर लागला. कॉलेज फी परत देत नाही आणि मूळ कागदही अडवून ठेवले आहेत. — एक पालक, सोलापूर

मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेण्याचा अधिकार कुठल्याही कॉलेजला नाही, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ते स्पष्ट केलं आहे. परताव्याची पायरीही ठरलेली आहे. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी रद्द केल्यास पूर्ण फी (प्रक्रियाशुल्क कापून, तेही जास्तीत जास्त ५,००० रुपये), अखेरच्या पंधरा दिवसांत ९० टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांपर्यंत ८० टक्के, महिन्याच्या आत ५० टक्के. त्यानंतर शून्य. तेव्हा आजच रद्द केल्याचा लेखी अर्ज द्या. तुमची पायरी त्या अर्जाच्या तारखेवर ठरेल, तोंडी सांगितल्यावर नाही.

प्रश्न : मुलाला मास्टर्ससाठी जर्मनीला जायचं आहे. तिकडे शिक्षण फुकट, असं कन्सल्टंट म्हणतो. — एक आई, म्हापसा

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे बरोबर. पण बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात मास्टर्सला ४,००० ते ६,०००. म्हणजे इथेही अर्ज कुठे करतो यावरच सगळं आहे.

मोठा आकडा मात्र वेगळाच. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी बारा लाख झाले. ते बुडत नाहीत, महिन्याला ९९२ युरो असे मुलालाच मिळतात, पण एकरकमी उभे करावे लागतात. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे. तरी पहिल्या सहा महिन्यांच्या हिशेबात त्या कमाईचा एक पैसाही धरू नका. भाषा यायला आणि काम मिळायला वेळ लागतो.

तुम्ही गोव्यात आहात, तर बँकेत जाण्याआधी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जयोजनेची चौकशी करा. परदेशी पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांपुढच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर तो लागत नाही. कापला गेलाच तर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. आणि कन्सल्टंटला फी देण्याआधी मुलाचं एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे त्याची इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, काढायला टाका. भारतीय विद्यार्थ्यांना ते लागतंच, आणि तो अर्ज मुलगा घरी बसून स्वतः भरू शकतो.