‘पुढच्या आठवड्यात या’ यावर उपाय काय?

प्रश्न : वडिलांच्या पश्चात घर वारसांच्या नावे करण्याचा अर्ज नगरपरिषदेत दिला. पोच मिळाली नाही. लिपिक दर वेळी ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतात. काय करावे?

उत्तर : आधी पोच घ्या, सगळे अडते ते तिथेच. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अर्ज दिल्यावर क्रमांक आणि तारखेसह पोच मिळालीच पाहिजे. सेवेची मुदत सर्व कागदपत्रांसह अर्ज दिल्याच्या दिवसापासून मोजतात. मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद, कराची पावती यांपैकी एक जरी राहिले, तरी मुदत सुरूच होत नाही. म्हणून जोडलेल्या कागदांची यादी अर्जावरच लिहा आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. खिडकीवर टाळाटाळ झाली तर ‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्ज करा.

कोणती सेवा किती दिवसांत आणि कोणत्या अधिकाऱ्याने द्यायची, याचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. त्याचा फोटो काढून ठेवा, अपिलात उपयोगी पडतो. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला (कारण लेखीच हवे, तोंडी नकार चालत नाही), तर 30 दिवसांत पहिले अपील. निकाल पटला नाही तर दुसरे, शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. पुरेशा कारणाविना कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो.

हा कायदा अधिसूचित, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेल्या सेवांपुरताच आहे. खड्डे, तुंबलेली गटारे यांची तक्रार वेगळी करावी लागते.