बर्फाच्या दिवसांत जिओकॅशिंग

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या मदतीने कुणीतरी लपवलेले डबे शोधून काढायचा खेळ. टोरांटोतल्या पहिल्याच हिवाळ्यात 'आता एप्रिलपर्यंत सगळं बंद' असं वाटणं साहजिक आहे. बंद काही नसतं. जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही जुन्या शोधांच्या गोष्टी काढून बसतो, तुम्हीही या. उन्हाळ्यात चार डबे सापडले असतील तरी पुरे.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- आधी स्वतःच्या नोंदी उघडा. नवी मंडळी 'सापडला, धन्यवाद' लिहून मोकळी होतात आणि डिसेंबरात काही म्हणता काही आठवत नाही. फोनमधले फोटो तारखेने लावा, बरंच परत येतं.
- न सापडलेले डबे वगळू नका, खरी मजा तिथेच! जीपीएस म्हणतंय तीन मीटर, तुम्ही झाडाभोवती प्रदक्षिणा घालताय आणि कुत्रा फिरवणाऱ्या आजी संशयाने बघतायत.
- जागा फोडू नका. डबा अजून तिथेच असतो. 'मॅपलच्या मुळाशी, दगडाखाली' म्हणालात की पुढच्याची गंमत गेली. फोटो तर नकोच.

विषय सुचेना तर पहिल्या डब्याची गोष्ट काढा. २ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनमध्ये बादली लपवली. आत चक्क बीन्सचा डबाही होता.

राहवलंच नाही तर ऑनलाइन माहितीत 'हिवाळ्यात उपलब्ध' अशी खूण असलेला डबा गाठा. डब्यातल्या वहीत नाव लिहायला पेन्सिल न्या, कडाक्याच्या थंडीत बॉलपेन उमटत नाही. बर्फ उकरून शोधणं वगैरे पुढच्या वर्षी बघू.