१०८ मतांचे गव्हर्नर

प्रश्न : अमेरिकेत अगदी सुरुवातीच्या काळात एका राज्यात जास्त मते मिळवणारा उमेदवार हरला, असे वाचनात आले. मतमोजणीत घोटाळा झाला होता का?

उत्तर : ही न्यूयॉर्कची १७९२ ची निवडणूक. एकीकडे जॉर्ज क्लिंटन, १७७७ पासून गव्हर्नरच्या खुर्चीत ठाण मांडून बसलेले. समोर फेडरलिस्टांचे, म्हणजे मजबूत केंद्र सरकार हवे असणाऱ्या पक्षाचे, जॉन जे. हे गृहस्थ तेव्हा देशाचे सरन्यायाधीश होते आणि पद न सोडताच उभे राहिले. (आज कुणी असे करून पाहावे!) क्लिंटन यांना ८,४४० मते, जे यांना ८,३३२.

मोजलेल्या मतांत कुणी खाडाखोड केली नाही. तीन परगण्यांची मते मोजलीच नाहीत, मेख तिथे आहे. मतपेटी शेरीफमार्फतच (म्हणजे परगण्याचा कायदा राखणारा अधिकारी) राज्य सचिवाकडे पोचायला हवी, असा नियम. ओट्सेगोत जुन्या शेरीफची मुदत संपलेली, नव्याने अजून सूत्रे घेतलेली नाहीत. पेटी धाडली जुन्यानेच. टायोगात पेटी नेणारा आजारी पडला, त्याने ती कारकुनाच्या हवाली केली. तिसरा परगणा क्लिंटन (हो, नाव याच क्लिंटनसाहेबांचे), तिथली पेटीही रीतसर नेमणूक नसलेल्याच्या हातून आली. ओट्सेगोत जे यांचे पारडे फार जड होते. तेवढी एक पेटी धरली असती तरी निकाल फिरला असता, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

मतमोजणी समितीत क्लिंटनवाल्यांचे बहुमत. सल्ला विचारला देशाच्या सिनेटमध्ये न्यूयॉर्कचे प्रतिनिधित्व करणाऱ्या दोन सिनेटरांना. रूफस किंग म्हणाले, मते धरा. ॲरन बर म्हणाले, बाद करा. समितीला बर यांचे म्हणणे पटले, यात नवल ते काय! मला विचाराल तर, शेरीफच्या नेमणुकीत खोट असेल, मतदारांचा त्यात काय दोष? त्यातून गव्हर्नरसाठी मत देण्याचा हक्कच मुळी १०० पौंडांची जमीन असणाऱ्यांना. घोटाळा म्हणायचे की कायद्याचा कीस, ते तुम्हीच ठरवा.

जे यांचे समर्थक खवळले, पण खुद्द जे यांनी आग भडकू दिली नाही. १७९५ मध्ये क्लिंटन उभेच राहिले नाहीत आणि जे निवडून आले, तेही तहाच्या वाटाघाटींसाठी इंग्लंडला गेलेले असताना. त्यांनी हरवले रॉबर्ट येट्स यांना. हेच येट्स १७८९ मध्ये फेडरलिस्टांच्या पाठिंब्यावर क्लिंटन यांच्याविरुद्ध लढले होते. आता ते क्लिंटन गटाचे उमेदवार होते.