शिडाच्या बोटीचं जुनं इंजिन: बांधून घ्यायचं की बदलायचं?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं एकाच पेचाबद्दल आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: आमच्या तीस फुटी शिडाच्या बोटीत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, थेट समुद्राच्या पाण्यावर थंड होणारं. वय चाळीसच्या आसपास. सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागतो, सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटं पांढरा धूर येतो आणि पूर्वीसारखे आरपीएमही चढत नाहीत. मेकॅनिक म्हणतो, "कॉम्प्रेशन गेलंय, नवीनच टाका." ऐकावं का?

उत्तर: कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. त्यांनी ते गेज लावून मोजलं का, हे आधी विचारा. नुसत्या आवाजावरून आणि धुरावरून सांगितलं असेल तर थांबा. तुमची तिन्ही लक्षणं इंजिनाच्या बाहेर जोडलेल्या भागांमुळेही येतात, आणि ते भाग इंजिन जागेवर ठेवूनच दुरुस्त होतात. न मोजता इंजिन उपसणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

सुरुवात सेल्फपासून करा. डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. क्रँक हळू फिरला तर हवा पिस्टनच्या रिंगांवरून निसटायला वेळ मिळतो आणि उरलेली उष्णता थंड लोखंड ओढून घेतं. सेल्फ मारत असताना मल्टिमीटर सेल्फच्याच बोल्टवर लावा. १२ व्होल्टच्या यंत्रणेत आकडा १० च्या खाली गेला तर बॅटरी किंवा केबल तपासा. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी सेल्फच्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर मधली लग (केबलच्या टोकाची कडी) किंवा स्विच खराब आहे. इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यातही असंच मोजा. बिल्जच्या (बोटीच्या तळाच्या) ओलीत हिरवी पडलेली अर्थिंगची लग कित्येक इंजिनांना उगाच म्हातारं ठरवते.

नंतर डिझेलची वाट. रात्रभर उभ्या इंजिनात एखाद्या सैल जोडातून हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे उतरतं. एक छोटा कॅन इंजिनापेक्षा उंच टांगा, स्वच्छ नळीने डिझेल थेट फीड पंपाला द्या आणि हवा काढून रात्रभर तसंच ठेवा. सकाळी एका दमात सुरू झालं तर दोष टाकी, फिल्टर किंवा मधल्या नळीत आहे.

पांढरा धूर नीट पाहा. डोळ्यांना झोंबणारा, डिझेलचा वास असलेला आणि पाण्यावर तेलकट तवंग सोडणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. चार-पाच फुटांत विरून जाते ती वाफ, म्हणजे समुद्राचं पाणी कमी येतंय: इंपेलरच्या (पाण्याच्या पंपातल्या रबरी चाकाच्या) पात्या, गाळणी, पाण्याची वाट तपासा. डिझेलचा असेल तर इंजेक्टर (डिझेलचा फवारा मारणारा भाग) काढून त्याची नोझल टेस्ट करून घ्या. पुस्तकात दिलेल्या दाबालाच उघडला पाहिजे, धुक्यासारखा फवारा पडला पाहिजे आणि टोकावर थेंब लोंबता कामा नये. परत बसवताना तांब्याचा वॉशर नवाच घ्या.

आरपीएम न चढण्यामागे मला पहिला संशय एक्झॉस्ट एल्बोचा येतो. धूर आणि समुद्राचं पाणी इथेच एकत्र येतात. काढून आत टॉर्च मारा. काजळी आणि गंजाची पुटं चढून करंगळीही जाणार नाही एवढंच भोक उरलेलं सापडतं. त्या भोकातून श्वास सोडणारं इंजिन जोर लावणार कुठून? त्याबरोबर पंख्यावर (बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरवर) बसलेले शिंपलेही खरवडून घ्या.

एवढं करूनही लक्षणं तशीच असतील तर कॉम्प्रेशन मोजा. आधी टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांमधली फट) सेट करा, कारण घट्ट टॅपेटमुळे व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि आकडा खोटा येतो. इंजिन गरम करा, स्टॉप लिव्हर ओढून ठेवा, इंजेक्टरच्या जागी गेज लावून सेल्फ मारा. धडधाकट लहान डिझेल बहुधा २८ ते ३२ बार (दाबाचं एकक) दाखवतं. विसाच्या खाली थंडीत सुरू होण्याची आशा सोडा. दोन सिलिंडरांत तीन बारहून जास्त फरक असेल तर तोही दोषच. शेवटचा शब्द तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलचा. आकडा कमी आला तर सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा उडी मारून वर गेला तर रिंग किंवा सिलिंडर. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. तेल चमचाभरच, कारण डिझेलमध्ये पिस्टनच्या वर उरणारी जागा इतकी थोडी असते की जास्त तेलाने कनेक्टिंग रॉड वाकतो.

रिंगांकडे बोट गेलं तरी लगेच खोलू नका. शिडाच्या बोटींची इंजिनं धक्क्याला उभ्याउभ्या बॅटरी चार्ज करण्यासाठी तासन्‌तास मंद चालवली जातात. त्यात सिलिंडर गुळगुळीत होतो आणि रिंगा काजळीने खाचेत चिकटतात. तेल बदला, पंखा-एल्बो साफ करा आणि तीन-चार तास कमाल आरपीएमच्या ८० टक्क्यांवर, पंख्याच्या भाराखाली चालवा. मग पुन्हा मोजा. दोन-तीन बार परत मिळाले तर इंजिन अजून कामाचं आहे.

प्रश्न: कॉम्प्रेशन मोजलं: एकात १८, दुसऱ्यात २४ बार. तेल टाकल्यावर दोन्ही वाढले. इंजिन समुद्राच्या पाण्यावरचंच. आता बांधून घेण्यात अर्थ आहे का?

उत्तर: झिजलेलं इंजिन बांधता येतं, गंजलेलं नाही. त्यामुळे सगळा निर्णय ब्लॉकवर आहे.

पाना हातात घेण्याआधी सुट्या भागांच्या विक्रेत्यांना फोन करा. हेड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, ओव्हरसाइझ पिस्टन, मेन आणि बिग-एंड बेअरिंग, गॅस्केट सेट, समुद्राच्या पाण्याचा पंप: यातलं काय मिळतं, किती दिवसांत मिळतं ते लिहून घ्या. पिस्टन-बेअरिंग मिळूनही हेड आणि मॅनिफोल्ड मिळत नसतील तर मी त्या इंजिनावर खर्च करणार नाही. खाऱ्या पाण्याने पुढे तेच दोन भाग आधी खाल्ले जातात.

मग इंजिन बोटीतच ठेवून हेड उतरवा. गॅस्केटची धातूची कडी जिथे बसते तिथपर्यंत पाण्याच्या भोकांभोवतीचे गंजाचे खड्डे पोचलेत का? हेडचा पृष्ठभाग थोडा घासता येतो. ब्लॉकचा फारसा नाही, कारण पिस्टन आणि हेडमधलं अंतर कमी होत जातं. स्टीलची सरळ पट्टी हेडवर तिरपी धरा, खालून ०.१ मिमीची फिलर (मापाची पातळ पट्टी) सरकली तर हेड वाकलंय. सिलिंडरच्या वरच्या कडेखाली नख फिरवा. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे कंगोरा लागला तर झीज बरीच आहे. नेमकं माप बोअर गेजने घ्या: वर, मध्ये, खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, म्हणजे एका सिलिंडरची सहा मापं. सिलिंडर अंडाकृती झाला असेल तर नुसतं होनिंग (आतून हलकं घासणं) करून नव्या रिंगा टाकणं वाया जातं. गोल रिंग अंडाकृती भोकात बसत नाही आणि थोड्याच महिन्यांत इंजिन पुन्हा तेल खाऊ लागतं. तिथे बोअरिंग (भोक गोल आणि मोठं करणं) करून ०.२५ किंवा ०.५० मिमी मोठे पिस्टन, नाहीतर नवे लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या).

पाण्याच्या पोकळीत पेचकस टोचून पाहा. कडक पोपडे सुटून खाली निरोगी लोखंड लागलं तर ठीक. टोक भुसभुशीत थरात रुतलं तर तिथेच थांबा. शंका असेल तर मशिन शॉपमध्ये ब्लॉकची भोकं बंद करून सुमारे दोन बार हवेच्या दाबाखाली कोमट पाण्यात बुडवून घ्या. बुडबुडा दिसला की प्रश्न मिटला.

ब्लॉक चांगला निघाला तर गोड्या पाण्याची यंत्रणा (इंजिनात गोडं पाणी फिरतं, समुद्राचं पाणी फक्त त्याला थंड करतं) बसवण्याचा विचार याच वेळी करा. समुद्राच्या पाण्यातले क्षार साधारण ६० अंशांपुढे भराभर साचतात, म्हणून तुमच्या इंजिनाचा थर्मोस्टॅट त्याच्या खालीच उघडतो. इंजिन असं थंड चालल्यामुळे तेलात ओल धरते, आम्ल तयार होतं आणि झीज वाढते. हीट एक्स्चेंजर, हेडर टँक, दुसरा पंप आणि वरच्या तापमानाचा थर्मोस्टॅट लागेल. मात्र पोकळ्या आधी पूर्ण साफ झाल्या पाहिजेत.

खर्चाची तुलना करताना लोक इथे चुकतात. बांधणीचा खर्च नव्या इंजिनाच्या किमतीशी नव्हे, नवं इंजिन *बसवून पाण्यात चालेपर्यंतच्या* खर्चाशी ताडायचा. माझा ठोकताळा असा: बांधणी त्याच्या निम्म्याच्या आत असेल आणि भाग मिळत असतील तर बांधा. निम्म्याच्या वर गेली तर नवं.

प्रश्न: नवं इंजिन जुन्याच्या जागी सरळ बसेल ना?

उत्तर: क्वचितच. इंजिनाच्या किमतीइतकाच खर्च बसवण्याला धरून चाला, म्हणजे नंतर ताण येणार नाही.

नव्या इंजिनाच्या नकाशावरून प्लायवुडचा सांगाडा करून जागेवर ठेवून पाहा. शाफ्टच्या मध्यरेषेपासून बेडपर्यंतची उंची, माउंटच्या बोल्टांमधलं अंतर, गिअरबॉक्सचा उतार, आणि ऑइल फिल्टर व इंपेलरपर्यंत हात पोचतो का, हे सगळं त्यावर कळतं. इंपेलर बदलायला फर्निचर कापावं लागणार असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

शक्ती वाढवण्याचा मोह आवरा. बोटीचा वेग पाण्याच्या रेषेवरची लांबी ठरवते: फुटांतल्या लांबीच्या वर्गमूळाला १.३४ ने गुणा, उत्तर नॉट्समध्ये. २५ फुटांना ६.७. मोठं इंजिन त्यापुढे फारसं नेत नाही, उलट मंद चालून काजळी धरतं. टनाला चार अश्वशक्तीच्या आसपास पुरते.

पंखा विसरू नका. नव्या गिअरबॉक्सचं गुणोत्तर वेगळं असतं, कधी फिरण्याची दिशाही उलटी. सपाट पाण्यात पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाने त्याचे ठरलेले आरपीएम गाठले पाहिजेत. दोन-तीनशे कमी पडत असतील आणि काळा धूर येत असेल तर पंख्याचा पिच (पात्यांचा तिरपेपणा) जास्त आहे. तसंच चालवलं तर नव्या इंजिनाचंही आयुष्य घटतं. एक्झॉस्ट होज जुन्या मापाचा, नव्याच्या गरजेपेक्षा बारीक, चालणार नाही. वॉटरलॉकचा (एक्झॉस्टमधलं पाणी साठणाऱ्या डब्याचा) आकारही पाहा.

अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं) बोट पाण्यात उतरवून, डोलकाठीच्या तारा ताणून, एक-दोन दिवसांनी करा, कारण पाण्यात बोटीच्या अंगाचा आकार किंचित बदलतो. कपलिंगच्या दोन चकत्यांमध्ये वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर घाला. १०० मिमीच्या चकतीला ०.१ मिमीहून जास्त फरक नको.

प्रश्न: सुरू होत नव्हतं म्हणून बराच वेळ सेल्फ मारला आणि इंजिन एकदम जाम झालं. गेलं का?

उत्तर: आज-उद्या हात घातला तर बहुधा वाचेल. सेल्फ मारताना पाण्याचा पंप फिरत राहतो, पण पाणी बाहेर ढकलायला धूर नसतो. वॉटरलॉक भरतो आणि पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये परततं. पुन्हा सेल्फ मारू नका. समुद्राच्या पाण्याची चावी बंद करा, इंजेक्टर काढा, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढा, सिलिंडरमध्ये तेल सोडा. ऑइल दुधाळ असेल तर बदला, सुरू करून थोडं चालवा, पुन्हा बदला, स्वच्छ येईपर्यंत. आठवडाभर तसंच ठेवलंत तर मात्र रिंगा गंजून चिकटतील आणि प्रश्न खरोखर बांधणीचा होईल. यापुढे दोन प्रयत्नांत सुरू झालं नाही तर पाण्याची चावी बंद करूनच सेल्फ मारा, आणि पेटताक्षणी उघडा. कोरडा इंपेलर फार वेळ टिकत नाही.

प्रश्न: बदलायचंच तर डिझेलऐवजी विजेची मोटर का नको?

उत्तर: किती अंतर मोटरवर कापता यावर आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते, त्यातली जेमतेम तीन शाफ्टवर पोचतात. म्हणजे १० युनिटांची बॅटरी फार तर तीन-साडेतीन लिटर डिझेलची जागा घेते. चार टनांच्या बोटीला शांत पाण्यात चार नॉट्ससाठी दोन-तीन किलोवॅट धरले आणि बॅटरी ८० टक्केच वापरली तर तीन-चार तास, सुमारे १२ ते १६ सागरी मैल. सहा नॉट्स हवे असतील तर शक्ती तिपटीहून जास्त लागते आणि पल्ला निम्म्याहून खाली येतो. धक्क्यातून बाहेर पडून शीड उभारणाऱ्याला हे भरपूर आहे. वारा पडल्यावर रात्रभर मोटरवर घरी यावं लागणाऱ्याने डिझेलच ठेवावं.